आत्याचं जांभूळ आणि तात्यांचा क्लच

आमच्या घरात बिघडलेली वस्तू थेट दुरुस्तीला गेली असं कधी घडलं नाही. आधी ती घरात पुरेशी बिघडवून घ्यायची, मग बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायची, आणि त्यानं हात टेकले की "बघ, त्यालाबी जमंना" असं म्हणत समाधानानं परत आणायची, हा आमचा रिवाज. माझे वडील, तात्या, फौजेत गाड्यांच्या विभागात होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले ते, ज्यातून धूर निघतो ते सगळं आपल्याला कळतं, ही खात्री घेऊनच. आईच्या चुलीतूनही धूर निघायचा, म्हणून तीही त्यांनी एकदा सुधारली. पुढं कितीतरी दिवस आम्ही भाकऱ्या शेजारून भाजून आणत होतो. धाकटे काका नाना साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते, पण लोकांना सांगताना 'हाताखाली' एवढं गाळून सांगत. दोघांनी आईचा मिक्सर दुरुस्त केला तेव्हापासून त्यातून नुसता आवाज यायचा. आई पाट्यावर चटणी वाटता वाटता मिक्सर चालू ठेवायची आणि म्हणायची, "असू द्या, तेवढीच सोबत."

इस्लामपूरपासून आत आमचं गाव. दारापर्यंत ऊस, आणि हंगामात अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्याच्या चिमणीची काजळी. निवृत्त झाल्यावर तात्यांना एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसायचं काम मिळत होतं. "मी दारात बसणारा माणूस न्हाई," असं म्हणून त्यांनी ते नाकारलं आणि वर्षभर आमच्या दारात बसले. त्या काळात एकदा रस्त्यावर आडवं झालेलं झाड कुणीतरी कटरनं कापताना त्यांनी पाहिलं. कटर म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलची मशीन, चेनसॉ. दोरी ओढली की भुंकायला लागते आणि दात असलेली साखळी पट्टीभोवती गरगर फिरते. तात्या घरी आले ते डोळ्यांत वेगळंच काहीतरी घेऊन. पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याकडून दोन मेलेली कटरं घरी आली. एकाचं इंजिन बरं होतं, दुसऱ्याची पट्टी आणि क्लच. दोन मढी जोडून एक जिवंत माणूस करायचा, असा बेत होता. आईनं दोन्हीकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आवं, ह्यातलं कुठलं आधी मेलं?"

आता ह्या कटरला नुसतं कटर म्हणून काही महत्त्व नव्हतं. महत्त्व आलं ते हिरा आत्यामुळं. तात्यांची ही धाकटी बहीण कोयनानगरच्या अलीकडं, डोंगराला चिकटलेल्या एका वाडीत राहायची. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा फौजेत लांब कुठंतरी बर्फात, घरात ती आणि एक म्हैस. तिकडं जमीन अधूनमधून हलते. आत्या फळीवर भांडी मांडताना दोन भांड्यांमध्ये फडकं घालायची, आणि चहा पिताना धक्का बसला तर कप हातात धरून थांबायची, मग उरलेला प्यायची. तिच्या घरामागं एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्या पावसाळ्यात डोंगराची माती भिजून सैल झाली आणि जांभूळ घरावर कललं, बरोबर तिच्या झोपायच्या खोलीवर. तिनं तात्यांना फोन केला. "दादा, झाड वाकलंय. हिकडची माणसं बोलावू का पाडायला?" तात्या ओसरीवर उभेच राहिले. "माणसं? मी काय मेलो काय? खबरदार कुणी हात लावला तर. तुझं झाड मी पाडणार." आणि फोन ठेवून नानांना म्हणाले, "क्लच बसीव रं."

क्लच बसला, पण स्वभाव वेगळा निघाला. कटरचा क्लच मोटारसायकलसारखा हातानं दाबायचा नसतो. आत लोखंडाचे दोन बूट असतात, ते स्प्रिंगनं एकमेकांना धरून ठेवलेले. इंजिन जोरात फिरलं की बूट बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला चिकटतात आणि साखळी फिरायला लागते. रेस कमी केली की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि साखळी थांबते. थांबायला हवी. आमची थांबत नव्हती. इंजिन कितीही हळू चालू ठेवा, साखळी आपली फिरतेच आहे. तात्यांनी मशीन हळू करून ऐटीत खाली ठेवली आणि त्या साखळीनं दोरीवर लोंबणारा आईचा टॉवेल ओढून घेतला, त्याच्या चिंध्या केल्या, वर पुन्हा तयार. स्प्रिंग सैल झाली आहे हे खरं तर शेंबड्या पोराला कळलं असतं. पण आमच्या ओसरीवर त्यावर परिषद भरली. नानांचं मत, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. तात्यांचं मत, साखळीला कामाची सवय नाही म्हणून ती भडकते, चार लाकडं कापली की शांत होईल. फौजेत नव्या पोरांच्या बाबतीत त्यांचं हेच मत असे.

शेवटी क्लच उघडायचं ठरलं. तो फिरवायला गेलं की अख्खं इंजिन बरोबर फिरतं, म्हणून प्लगच्या भोकातून आत दोरी कोंबून ते अडवायचं, हे नानांनी मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलं होतं. दोरी मऊ हवी, तंतू सुटणारी नको. घरात तशी एकच होती, आईच्या नव्या परकराची नाडी. ती कुणी कधी काढली ते आईला कळलं नाही, पण परकर नेसताना सगळं कळलं. क्लचवर बाण कोरलेला होता, सोडायचा तर इकडं फिरवा असा. मी तो वाचून दाखवला. तात्या म्हणाले, "बाण उलटा काढलाय येड्यांनी. सगळ्या जगाचे आटे डावीकडं सुटत्यात." मग पान्याला लोखंडी पाईप लावून दोघा भावांनी डावीकडं असा जोर लावला की तो क्लच होता त्याच्या दुप्पट घट्ट बसला. तासाभरानं नानांनी वैतागून पान्याला लाथ घातली, ती चुकून उजवीकडं बसली आणि क्लच अलगद सुटला. तात्या घाम पुसत म्हणाले, "हेच सांगत व्हतो मी मघापासनं." आई आतून ओरडली, "आधी माझी नाडी काढा त्यातनं!"

नव्या स्प्रिंगा सांगलीत सहज मिळत होत्या, पण विकत आणणं म्हणजे हार. म्हणून आधी फवारणीच्या पंपातली स्प्रिंग बसवली. ती इतकी कडक की बूट बाहेर यायलाच तयार नाहीत. इंजिन बोंबलतंय, साखळी ढिम्म. मग एक दिवस नाना "सांगलीला पाव्हण्यांकडं जाऊन येतो" म्हणून गेले आणि संध्याकाळी खिशातून दोन चकचकीत स्प्रिंगा काढून म्हणाले, "घडीवल्या." कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात एकमेकांची अब्रू अशीच राखली जायची. बायकांची कुणी राखल्याचं मात्र मला आठवत नाही. स्प्रिंगा बसल्या आणि कटर सुतासारखं सरळ झालं. रेस दिली की फिरायचं, सोडली की थांबायचं. तात्यांनी बांधावरच्या सुबाभळीचं एक झाड पाडलं, मग उत्साहात दुसरं, जे पाडायचं नव्हतं तेही पाडलं. आत्याला फोन गेला. दसऱ्याला येतो, सीमोल्लंघनच तुझ्याकडं.

आणि मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयते, विळे, कुऱ्हाड, पाने, नांगराचा फाळ, सगळं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पाटावर मांडायचं. कोयत्याला तेल लावलं की तो गंजत नाही, यात शहाणपण आहेच. पण तात्यांची भक्ती त्या दिवशी उतू चालली होती. कटर मधोमध ठेवलं. वरून तेलाचा हात फिरवला. मग त्यांच्या मनात आलं की वरूनच काय, ज्या क्लचनं एवढा छळ केला त्यालाच तेल नको? त्यांनी झाकण उघडलं आणि वाटीत, बुटांवर, सगळीकडं गोडं तेल सोडलं. त्यावर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. नारळ फोडला, त्याचं पाणीही थोडं आत गेलं. तात्यांनी हात जोडून कटरला सांगितलं, "उद्या लाज राख." मी शेजारी तबक धरून उभी होते. मला तेव्हा क्लचमधलं काय कळत होतं? मी कराडला कॉमर्स शिकत होते. पण ज्यांना कळत होतं त्यांनीही हात जोडलेलेच होते.

दसऱ्याच्या सकाळी टेम्पोत पुढं तात्या, मांडीवर कटर आणि कटरच्या गळ्यात झेंडूची माळ, मागं नाना, आई आणि मी. आत्यानं पुरणाचा घाट घातला होता. कटाच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि वाडीतली सगळी माणसं आपापली सोन्याची पानं हातात घेऊन झाड बघायला जमली होती. तात्यांनी फौजी टोपी घातली, लोकांना मागं सरकवलं, दोरी ओढली. इंजिन एका झटक्यात सुरू. लोक खूश. तात्यांनी रेस दिली. इंजिन गर्जायला लागलं, साखळी जागची हलली नाही. आणखी रेस. आता निळा धूर आला आणि कुरडया तळल्यासारखा वास सुटला. एक म्हातारा म्हणाला, "आतमंदी कायतरी शिजतंय." आणखी रेस दिल्यावर तळणीचा वास जाऊन करपल्याचा आला. तात्यांनी मशीन बंद करून झाकण उघडलं. आत तेल, कुंकू आणि करपलेल्या झेंडूचा चिखल झाला होता.

मी तात्यांचं तोंड बघत होते. आयुष्य गाड्यांत घालवलेल्या माणसाला, क्लचवर तेल पडलं की काय होतं हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांना त्याच क्षणी कळलं. कुणी केलं, कधी केलं, सगळं. दोन शब्द हसून बोलले असते तर वाडीही हसली असती, आत्याही हसली असती, आणि शेजारच्या कुऱ्हाडीनं झाड संध्याकाळपर्यंत पडलं असतं. तात्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "हिकडची हवा दमट हाय. क्लच धरत न्हाई हवेला." नानांनी मान डोलावली, "धरतच न्हाई." पुरणपोळी सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ली. निघताना आत्या चाचरत म्हणाली, "दादा, मग बोलवू का माणसं?" तात्या एकदम भडकले. "माझ्या बहिणीचं झाड भाड्याच्या माणसांनी पाडलं असं ऐकायचं का मी? बूट बदलून येतो. तवर पोरगी ठिवून जातो तुझ्याकडं. ती हाय म्हंजी समज मी हितंच हाय." अशी मी, कपड्यांच्या एका जोडासकट, तात्यांच्या शब्दाला तारण राहिले.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आत्यानं जेवणं उरकली, वळकटी उचलली आणि गोठ्यात निघाली. मी विचारलं तर म्हणाली, "म्हशीला करमत न्हाई गं." गोठ्यात एका कोपऱ्यात फळ्या टाकून केलेलं नीट अंथरूण होतं, उशाशी बॅटरी, पाण्याचा तांब्या. ते एका दिवसात केलेलं नव्हतं. पाऊस चालू असल्यापासून, म्हणजे तात्या नाड्या आणि स्प्रिंगांशी खेळत होते तेव्हापासून, ही बाई शेणामुतात झोपत होती, कारण खोलीवर झाड होतं आणि झाडावर भावाचा शब्द. मला तात्यांचा असा संताप आला की मी तिथूनच फोन लावला. तात्या तिकडून म्हणाले, "बूट मिळंनात सांगलीत, मागवल्यात. तिला सांग, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई." बहीण कुठं झोपते हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर आत्यानं समोरून दोन्ही हात जोडले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या 'बरं'बद्दल मी तिच्यावरही चिडले होते, हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्या नाचणीची भाकरी थापत होती. जमीन हलली. नेहमीसारखीच, फळीवरची भांडी किणकिणली, म्हशीनं मान वर केली. आत्या परातीवर हात ठेवून थांबली. थांबलं म्हणेपर्यंत मागं काहीतरी कचकन मोडलं आणि कौलं फुटल्याचा आवाज आला. आम्ही खोलीत गेलो. जांभळाची मोठी फांदी छतातून आत आली होती, आणि तिच्या पलंगावर, जिथं उशी असते तिथं, कौलांचा ढीग पडला होता. बाकीचं झाड अजून वर तोलून उभं. आत्यानं ढिगाकडं बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली, तव्यावरची भाकरी काढली, हात धुतले आणि वाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या दोघा भावांना बोलवायला गेली.

ते दोघं कुऱ्हाडी आणि दोरखंड घेऊन आले, वर चढले, डोंगराच्या बाजूला दोर बांधले. ऊन कलायच्या आत झाड मोकळ्या जागेत आडवं झालं. राहिलेल्या कौलांपैकी एकालाही धक्का लागला नाही. ते खोड जमिनीलगत तोडायला वाकले तेव्हा आत्या म्हणाली, "कमरंएवढं ऱ्हाऊ द्या." त्यांना कळेना. "माझा दादा येणार हाय," ती म्हणाली. थोरल्यानं तिच्याकडं बघितलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि चहासाठी ओसरीवर येऊन बसला. ते गेल्यावर आत्या माझ्याकडं वळली. "रूपे, तू ह्यातलं काय बघितलं न्हाईस."

दोन दिवसांनी तात्या नानांना घेऊन आले. कटरला नवे बूट, क्लच झकास. टेम्पोतून उतरले आणि मोकळं आभाळ बघून जागच्या जागी उभे राहिले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रागवावं तर राग, रडावं तर रडू, दोन्ही तिथं वाट बघत होतं. मला वाटलं, आता संपलं, ह्यानंतर हा माणूस बहिणीच्या दारात पाय ठेवणार नाही. आमच्याकडं याहून लहान कारणांवरून भाऊबहिणी जन्माच्या तुटल्या आहेत. आत्या पदर खोचत पुढं आली. "दादा, धक्क्यानं पडलं बघ आपसूक. पर खोड न्हाई हललं. वाडीतल्या कुणाच्यानं निघंना. म्हणलं, दादाच पाहिजे." खोडाच्या माथ्यावर कुऱ्हाडीचे घाव उन्हात पांढरे चमकत होते. आंधळ्यालाही दिसले असते. तात्यांनी ते बघितले. नानांनी बघितले. तात्यांनी दोरी ओढली, रेस दिली, साखळी फिरली, आणि पहिल्याच कापात त्यांनी घाव असलेली वरची चकती उडवली. नानांनी ती उचलली आणि पाणी तापवायच्या चुलीत नेऊन घातली. मग खाली, आणखी खाली, जमिनीपर्यंत. क्लच एकदाही घसरला नाही. जमलेल्या वाडीनं बघितलं, आणि ते वरचे दोघं भाऊही लोकांत उभे राहून बघत होते. जेवताना तात्या म्हणाले, "म्हणलं व्हतं ना, मीच पाडणार?" मी पानावरून मान वर केली, तर आत्यानं माझ्या ताटात आमटीची पळी अशी ओतली की बोटं भाजली.

त्यानंतर ही गोष्ट तात्यांनी किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. दर सांगण्यात जांभूळ जाड होत गेलं. आधी एका माणसाच्या कवेत मावायचं, मग दोघांच्या, आता तिघांच्याही मावत नाही. भूकंपही आला, दरीही आली. मला फार दिवस ते ऐकवायचं नाही. मी उठून जायची. खोटं बोलणाऱ्याचा राग यायचाच, पण खोटं पुरवणाऱ्या बाईचा जास्त यायचा. आता लोकांची लग्नं, भांडणं, वाटण्या बघून झाल्या आहेत, तरी तो राग पुरता गेला आहे असं म्हणवत नाही. फक्त आता मी उठून जात नाही.

परवा आत्याच्या घरी तिच्या नातीचं बारसं होतं. तात्या आता काठी घेऊन चालतात, ऐकू कमी येतं. जेवणं झाल्यावर पोरांनी त्यांना घेरलं आणि जांभूळ पुन्हा पडलं, या वेळी पुरात. एका पोरानं आत्याला विचारलं, "आजी, खरं हाय का हे?" आत्या म्हणाली, "मग? मी व्हते की तिथं." निघायच्या वेळी मी तात्यांना धरून उंबऱ्यापाशी आणलं. आत्या दहीभाताचा डबा द्यायला आली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. तात्या थांबले, मागच्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, म्हणाले, "हिरा, त्या दोघांनी लय चांगलं पाडलं व्हतं गं. एका कौलाला लागलं न्हाई."

आत्यानं डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं आणि विचारलं, "कोण दोघं?"